‘सर्व्हर डाऊन’ ही थाप आहे

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे आजच्या मराठीतलं सर्वांत जास्त बोललं जाणारं खोटं वाक्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तलाठ्याच्या कार्यालयात जा, बँकेत जा, आधार केंद्रावर जा, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर जा. समोरचा माणूस मान वर न करता हे तीन शब्द टाकतो आणि आपण मुकाट्याने जिना उतरतो. पूर्वी ‘साहेब जागेवर नाहीत’ असं सांगायचे. साहेब निदान चहा पिऊन परत तरी यायचे, आणि त्यांना नाव असायचं. हा सर्व्हर कोण, कुठे असतो, कशाने पडला, कधी उठणार, हे विचारायची सोय नाही.

आता कुणी म्हणेल, बाईंना यातलं काय कळतं? मराठी घेऊन बी.ए. केलं, उभा जन्म खडू-फळ्यात गेला. खरं आहे. पण माझा एक जुना विद्यार्थी इथेच लोअर परळला, जिथे एकेकाळी गिरणीचा भोंगा वाजायचा, तिथल्या एका काचेच्या इमारतीत हेच काम करतो. सर्व्हर सांभाळतो. रविवारी कधी करी रोडला घरी येतो तेव्हा मी त्याला प्रश्न विचारते आणि तो कागदावर चौकोन काढून समजावतो. शाळेत असताना मी त्याला वाक्यातला कर्ता शोधायला लावायची. आता तो मला बिघाडातला कर्ता शोधायला शिकवतो. त्याच्याकडून जे समजलं आणि पुढे मी स्वतः वाचून ताडून पाहिलं, ते सांगते. कारण हे ज्ञान तंत्रज्ञांचं राहिलेलं नाही. ज्याच्या पोराचा अर्ज अडकतो त्या प्रत्येकाचं ते आहे.

शाळेचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. बाहेर खिडकी, खिडकीवर कारकून. दाखला हवा असेल तर आपण कारकुनाला सांगतो. तो आत दप्तरखान्यात जातो, तिथल्या माणसाकडून कागद आणतो आणि आपल्या हातात देतो. आतल्या माणसाचं तोंडही आपण पाहत नाही. मोठ्या संकेतस्थळांची रचना बहुधा अशीच असते. आपण ज्याच्याशी बोलतो तो खिडकीवरचा कारकून. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. आत दप्तर सांभाळणारा तो बॅकएंड सर्व्हर. खिडकीवर एकच कारकून आणि आत दहा-वीस दप्तरवाले असू शकतात. कुणाकडे कमी काम आहे ते पाहून कारकून चिठ्ठी पाठवतो. हे काम करणाऱ्या ज्या प्रणाली जगभर वापरतात त्यांतली एक इगोर सिसोयेव्ह नावाच्या रशियन अभियंत्याने लिहिली आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिचं नाव एनजिनएक्स. उच्चार मात्र ‘इंजिन-एक्स’ असा करायचा म्हणे.

तर आता खोटं कुठे आहे ते पाहा. पडद्यावर कधी ५०२ असा आकडा येतो, कधी ५०३, कधी ५०४. आपण सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो. पण हे आकडे कुणी उगाच छापलेले नाहीत. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची जी नियमावली आहे, तिच्या १९९६ च्या मसुद्यात ५०० पासून ५०३ पर्यंतचे आकडे आहेत, १९९७ च्या मसुद्यात ५०४ आला. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ५०० म्हणजे काम करणाऱ्याचंच डोकं फिरलं. ५०२ म्हणजे कारकून सांगतोय, ‘मी आत गेलो होतो, पण आतून धड उत्तर मिळालं नाही.’ ५०३ म्हणजे ‘आत्ता सेवा देता येत नाही, नंतर या’. किती वेळाने या हेही त्यासोबत सांगण्याची सोय नियमावलीत आहे. आणि ५०४ म्हणजे ‘मी आत निरोप दिला, वाट पाहिली, वेळ संपली, उत्तर आलं नाही.’

नीट विचार करा. ५०२ किंवा ५०४ हा आकडा तुमच्यापर्यंत पोहोचला याचाच अर्थ कुणीतरी जागेवर आहे आणि तुमच्याशी बोलतंय! मेलेला माणूस ‘मी मेलो’ म्हणत नाही. कारकून शाबूत आहे. आतला दप्तरवालाही अनेकदा शाबूत असतो, फक्त कामात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. तुटलेली असते ती या दोघांमधली तार. आणि तार तुटणं हा दैवी कोप नव्हे. ती कुणीतरी जोडलेली असते, तिचे वायदे कुणीतरी ठरवलेले असतात, त्यामुळे ती का तुटली हे शोधता येतं.

शोधतात कसं? माझ्या विद्यार्थ्याने फोनचं उदाहरण दिलं. कारकून आत फोन लावतो. पहिला प्रकार: पलीकडे कुणी नाहीच, फोन लावताक्षणी नकार. लिनक्सच्या नोंदवहीत याचा आकडा १११. म्हणजे आतला प्रोग्राम सुरूच नाही, किंवा चुकीच्या खोलीत फोन लागतोय. दुसरा प्रकार: फोन लागला, बोलणं चालू होतं आणि पलीकडच्याने मध्येच आपटला. आकडा १०४. म्हणजे आतला प्रोग्राम कोसळला असेल, त्याची स्मृती संपली म्हणून यंत्राने त्याला मारलं असेल, नाहीतर त्याने स्वतःहून ठेवून दिला असेल. तिसरा प्रकार: पलीकडे नुसती शांतता, शेवटी कारकुनाचा धीर संपला. आकडा ११०. एनजिनएक्स न सांगता जेवढा वेळ थांबतो तो ६० सेकंद. आतल्या डेटाबेसला एखादं काम करायला ६१ सेकंद लागली तरी तुम्हाला ५०४ दिसतो, आणि आत काम मात्र पूर्ण झालेलं असू शकतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच भांडायचं आहे.

आणखी एक चोरटा प्रकार आहे. दर वेळी नवा फोन लावायला वेळ जातो, म्हणून कारकून आणि दप्तरवाला बोलणं संपल्यावरही लाइन थोडा वेळ चालूच ठेवतात. त्याला कीप-अलाइव्ह म्हणतात. प्रश्न असा की किती वेळ? अपाचे नावाचा जो जुना, भरवशाचा सर्व्हर आहे, तो कुणी बदललं नाही तर ५ सेकंद रिकामी लाइन धरतो. एनजिनएक्स आतल्या बाजूची रिकामी लाइन राखायला सांगितलं तर ६० सेकंद धरून ठेवतो. आता समजा पाच सेकंद झाली आणि आतल्याने लाइन ठेवली. नेमक्या त्याच क्षणी बाहेरच्याने लाइन चालू आहे असं समजून तुमचा अर्ज आत पाठवला. दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. अर्ज बंद दारावर आपटला आणि तुम्हाला ५०२. सर्व्हर डाऊन? छे! दोन्ही सर्व्हर ठणठणीत. दोघांच्या वायद्याच्या वेळा जुळत नाहीत एवढंच. दहा वेळा करून पाहिलं तर दहाही वेळा नीट चालेल, अकराव्याला फसेल, आणि तो अकरावा तुम्ही असाल. उपाय सोपा आहे: आतल्याने बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ लाइन धरायची, म्हणजे लाइन ठेवण्याचा निर्णय नेहमी कारकुनाकडे राहतो. बदल एका ओळीचा. पण ती ओळ शोधायला दोन्ही बाजूंच्या नोंदवह्या शेजारी ठेवून, दोन्हीकडची घड्याळं जुळवून, आधी फोन कुणी ठेवला हे पाहावं लागतं.

कधी दोघांच्या मध्ये सुरक्षेची भिंत असते, फायरवॉल. तीही गंमत करते. काही काळ हालचाल दिसली नाही की ती ओळख विसरते आणि दोघांपैकी कुणालाच कळवत नाही. लिनक्स मात्र, कुणी बदललं नाही तर, पलीकडचा जिवंत आहे का हे पहिल्यांदा ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, विचारतो. तोही ज्या प्रोग्रामने तसं सांगून ठेवलंय त्याच्याचपुरतं. तोवर एकजण मुक्या भिंतीशी बोलत राहतो.

हे सगळं इतक्या तपशिलात का सांगितलं? कारण यातली प्रत्येक गोष्ट शोधता येते, तिला कारण आहे आणि बहुतेकदा तिला उपायही आहे. ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं की ही सगळी दारं एकदम बंद होतात. ताप आलेल्या प्रत्येक माणसाला डॉक्टरने ‘प्रकृती डाऊन आहे’ असं सांगून घरी पाठवण्यासारखं आहे ते. मलेरिया की टायफॉइड, बघायलाच नको.

आमच्या या गिरणगावात कापड विणलं जायचं. मागावर बाण्याचा धागा तुटला तर माग आपोआप थांबेल अशी यंत्रातच योजना असे. एकोणिसाव्या शतकातली ती युक्ती. एक छोटा काटा धागा आहे की नाही चाचपायचा. नसला की माग बंद. का? तर तुटक्या धाग्याचं कापड विणत जाऊ नये आणि कुठे तुटलं ते लगेच दिसावं. मालक काही कामगारांवरच्या प्रेमाने ते करत नव्हता, कापड वाया गेलं तर नुकसान त्याच्या खिशातून जायचं. आजच्या संकेतस्थळावर तार तुटली तर नुकसान मालकाच्या खिशातून जात नाही. ते तुमच्या-माझ्या खिशातून जातं, दिवसातून जातं, पोरीच्या प्रवेशातून जातं. म्हणून काटा बसवायची कुणाला घाई नाही. माझा सगळा राग इथे आहे.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीची गोष्ट सांगते. प्रवेशाचं शुल्क भरायचा शेवटचा दिवस. संस्थेचं नाव घेत नाही. मोबाइलवरून पैसे भरले, खात्यातून गेले, आणि पडद्यावर ५०४. पावती नाही. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे धावली, त्याने सांगितलं ‘परत भर’. परत भरले, परत गेले, या वेळी पावती आली. दोनदा शुल्क. एकदा भरलेले पैसे परत मिळवायला तिच्या आईने, जी दोन घरची पोळीभाजी करते, तीन खाडे केले. दर वेळी खिडकीवर उत्तर एकच: त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता.

आता मघाचं वाक्य आठवा. कारकुनाचा धीर संपला तरी आत काम पूर्ण झालेलं असू शकतं. पैसे आत जमा झाले होते, ‘जमा झाले’ हा निरोप तेवढा बाहेर आला नाही. ही गोष्ट संगणकवाल्यांना नवीन नाही. नुसतं पान मागणारी विनंती फसली तर एनजिनएक्स स्वतःहून दुसऱ्या दप्तरवाल्याकडे पुन्हा मागतो, कारण एकच पान दोनदा मागितल्याने बिघडत नाही. पण पैसे भरण्यासारखी विनंती एकदा आत गेली की तो, कुणी मुद्दाम सांगितल्याखेरीज, ती पुन्हा पाठवत नाही. दोनदा पैसे कापले जातील याची त्याला धास्ती आहे. म्हणजे यंत्राला जेवढी अक्कल आहे तेवढीही ‘परत भर’ सांगणाऱ्या व्यवस्थेला नाही! यावरचा उपायही माहितीतला आहे. प्रत्येक प्रयत्नाला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकाने दुसऱ्यांदा विनंती आली तर आतल्याने पुन्हा पैसे न घेता म्हणायचं, ‘हे झालंय, ही घ्या पावती.’

आणि हे काय परदेशातून आलेलं ज्ञान आहे? इथल्या गिरणी कामगारांना ते पाठ होतं. पगार झाला की पोस्टात जाऊन कोकणात मनीऑर्डर करायची. खिडकीवर पैसे दिले की लगेच क्रमांकाची पावती हातात. तिकडे आईला पैसे मिळाले की तिची सही नाहीतर अंगठा असलेली पोच परत यायची. पोच आली नाही तर कामगार पुन्हा पैसे भरायचा नाही. पावती घेऊन पोस्टात जायचा आणि विचारायचा, ‘हा नंबर कुठे अडकला?’ निरक्षर माणूस विचारायचा हो! त्याच्या हातात नंबर होता म्हणून विचारू शकायचा. आज इंग्रजी माध्यमात बारावी झालेल्या मुलीच्या हातात काय आहे? गोल गोल फिरणारं एक चक्र.

पैशांच्या बाबतीत निदान रिझर्व्ह बँकेने डोळे उघडले. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने तिने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न पाहता. ही योजना मला फार आवडते. कारण ती तंत्रज्ञानाबद्दल एक अक्षर बोलत नाही. प्रॉक्सी की बॅकएंड, फायरवॉल की डेटाबेस, तुमचं तुम्ही बघा. मधली तार तुमची आहे, ती तुटली तर भुर्दंडही तुमचा. भुर्दंड ज्याच्यावर पडतो तो तार नीट जोडतो, याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पण हे संरक्षण बँकांच्या व्यवहारापुरतं. पैसे संस्थेच्या खात्यात पोहोचले आणि अर्जाला तेवढे चिकटले नाहीत, तर त्या मुलीला शंभर रुपये कोण देणार?

सार्वजनिक उदाहरणं हवीत? १६ जुलै २०२१. करोनामुळे दहावीची परीक्षा झालेली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल. दुपारी १ वाजता जाहीर झाला, ९९.९५ टक्के उत्तीर्ण, आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. त्याच महिन्यात अकरावीच्या सीईटीच्या अर्जांचं संकेतस्थळ काही दिवस बंद ठेवावं लागलं. ती सीईटीच पुढे १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली. मग २०२५. अकरावीचा प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन करायचं ठरलं. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती; पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि २६ मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. दर वेळी जनतेच्या पदरात शब्द पडले ते ‘तांत्रिक अडचण’.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘एकाच वेळी लाखो मुलं आली, लोड आला.’ हे उत्तर ऐकलं की माझ्यातली शिक्षिका जागी होते. अहो, ही लाखो मुलं आकाशातून पडली का? त्यांना बैठक क्रमांक कुणी दिले? मंडळाने. २०२१ ला ती पावणेसोळा लाखांच्या आसपास आहेत हे कुणाला ठाऊक होतं? मंडळाला. २०२५ चा दहावीचा निकाल १३ मेला लागला, साडेचौदा लाखांच्या आसपास मुलं उत्तीर्ण झाली, हा आकडा सरकारनेच जाहीर केला, आणि नोंदणी त्यानंतर आठ दिवसांनी होती. लग्नाच्या पत्रिका स्वतः वाटायच्या आणि पंगतीच्या दिवशी म्हणायचं, ‘एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं!’ बरं, गर्दी खरंच आवरत नसेल तर दारात नंबर देऊन रांग लावता येते. ‘आपला क्रमांक अमुक, साधारण वीस मिनिटांनी या’ असं म्हणता येतं. ५०३ हा आकडा त्यासाठीच केलेला आहे. सगळ्यांना एकदम आत सोडून सगळ्यांच्याच तारा तोडण्यापेक्षा ते बरं.

दुसरं उत्तर: ‘लोक शेवटच्या दिवशी येतात.’ येतात. शेवटचा दिवस हा मुदतीतलाच दिवस असतो. शेवटची लोकल प्रवाशांनी भरते म्हणून रेल्वे ती मस्जिदपर्यंतच सोडत नाही.

तिसरं उत्तर जरा भारदस्त असतं: ‘बिघाडाचे तपशील सुरक्षेमुळे सांगता येत नाहीत.’ याला एक उदाहरण पुरे आहे. क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांसाठी खिडकीवरच्या कारकुनाचंच काम करते. २ जुलै २०१९ रोजी तिच्या एका सुरक्षा-नियमात लिहिलेल्या एका सदोष ओळीमुळे तिच्या सगळ्या यंत्रांचा मेंदू शंभर टक्के गुंतून पडला आणि सुमारे २७ मिनिटं जगभर लोकांना ५०२ दिसत राहिला. पुढे कंपनीने कोणती ओळ, ती का चुकली, ती तपासणीतून कशी निसटली, किती वाजता काय कळलं, हे सगळं सविस्तर लिहून जगासमोर ठेवलं. कंपनी बुडाली नाही. ज्यांचा धंदाच सुरक्षेचा आहे ते हे करू शकतात, तर मुलांचे प्रवेश घेणाऱ्यांना कसली आलीय गुप्तता?

कायद्याचंही पाहू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा चांगला कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा दिली नाही तर कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाला क्रमांक द्यायचा, पोच द्यायची, हेही त्यात आहे. पण दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज मिळाल्यापासून. अर्ज खिडकी आणि दप्तरखाना यांच्यामध्येच गळून पडला तर? तो मिळालेलाच नाही. घड्याळ सुरूच झालेलं नाही. म्हणजे आतल्या अधिकाऱ्यावर कायद्याचा बडगा आहे, आणि दाराशीच अर्ज हरवणाऱ्या तारेवर कुणाचाच नाही. ही फट बुजवली पाहिजे. फसलेल्या प्रयत्नाचीही पोच मिळाली पाहिजे आणि घड्याळ त्या प्रयत्नापासून चालू झालं पाहिजे.

आम्हा करी रोडकरांना मधल्या दुव्याचं मोल कुणी शिकवायला नको. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडला (आताचं प्रभादेवी) चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्या सकाळी गाड्या धावत होत्या, दोन्ही स्टेशनं चालू होती. बिघाड होता तो मधल्या अरुंद जिन्यात. त्यानंतर लष्कराला बोलावून एल्फिन्स्टनला आणि आमच्या करी रोडलाही पादचारी पूल बांधून घेतले, २०१८ च्या फेब्रुवारीत ते खुले झाले. त्याच वर्षी जुलैत डिलाइल पूल धोकादायक म्हणून बंद झाला तो पूर्ण उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पाच वर्षं आम्ही वळसे घातले. पण त्या पाच वर्षांत ‘लोअर परळ डाऊन आहे’ असं कुणी म्हटलं नाही. पूल बंद आहे असंच सगळे म्हणायचे, पूल कुणाचा, रेल्वेचा की पालिकेचा, यावर भांडायचे, तारखा मागायचे, आंदोलनं करायचे. नेमकं नाव घेता आलं म्हणून जाब विचारता आला.

आणि शेवटी मी भाषेवरच येते, कारण माझं शिक्षण तेवढंच. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. चूक अशी की त्यात कर्ता नाही. दिसतो तो कर्ता म्हणजे लोखंडाचं एक खोकं. ‘शुल्क कापले गेले’, ‘अर्ज स्वीकारला गेला नाही’, ‘मुदत संपली’. कुणी कापलं? कुणी नाकारला? कुणी ठरवलेली मुदत? सगळी वाक्यं अशी घडवलेली की माणूस सापडू नये. खिडकीवरच्या मुलाला माझा दोष नाही, त्याला वरून तेवढंच वाक्य दिलेलं आहे. रात्रभर जागून तार जोडणाऱ्या अभियंत्यालाही नाही. माझ्या विद्यार्थ्याचा तांबारलेला डोळा मी पाहिलाय. दोष आहे तो ज्यांनी निविदेत रंग, लोगो आणि उद्घाटनाची तारीख लिहिली, पण तार तुटली तर नागरिकाला काय मिळेल हे लिहिलं नाही, त्यांचा.

म्हणून माझ्या मागण्या चार. मोठ्या नाहीत. एक, पडद्यावर बिघाड झाला की मराठीत लिहा: काय झालं, किती वाजता, आणि तुमच्या प्रयत्नाचा क्रमांक काय. दोन, शुल्काच्या प्रत्येक प्रयत्नाला एकच क्रमांक, म्हणजे दोनदा पैसे जाणार नाहीत. आणि गेलेच तर रिझर्व्ह बँकेसारखी मुदत आणि रोजची भरपाई, न मागता. तीन, संकेतस्थळ जेवढे तास अडलं तेवढे तास मुदत आपोआप वाढेल, कुणाला निवेदनं घेऊन हिंडावं लागणार नाही. चार, प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर काय तुटलं आणि काय बदललं हे पानभर लिहून प्रसिद्ध करा. दहावीच्या मुलाला विज्ञानाच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान लिहावं लागतं. त्याचा निकाल लावणाऱ्यांना एवढं जमायला हरकत नसावी.

तोवर आपल्या हातात काय आहे? आकडा लिहून घ्या. वेळ लिहून घ्या. पडद्याचा फोटो काढा. पैसे गेले असतील तर बँकेचा व्यवहार क्रमांक जपा आणि दुसऱ्यांदा भरण्याआधी पहिल्याचं काय झालं ते लेखी विचारा. आणि पुढच्या वेळी खिडकीवरून ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं आलं तर जिना उतरू नका. शांतपणे विचारा, ‘पाचशे दोन, की पाचशे चार?’